पुंजाजीची चुकलेली गाय

मनकर्णा सत्तर वर्षं जगली. आगगाडीत बसली, अमरावतीचा बाजार पाहिला, नातसुनांवर हुकूम गाजवले. पण म्हातारपणी तिला बोलतं करायचं असेल, तर एकच विषय काढायचा : माहेरची पायवाट. मग ती सुपातलं धान्य तसंच ठेवून कुठे ओढा लागतो, कुठे सीताफळं पिकतात, कुठल्या वळणावर साग संपून बांबू सुरू होतो, ते असं सांगायची, की ऐकणाऱ्याचे पाय दुखावेत.

तिला दिलं होतं दर्यापूरकडच्या काळ्या मातीत आणि माहेर होतं सातपुड्याच्या कुशीत. मधे पायी तीन दिवसांची वाट. भाऊ नव्हता, त्यामुळे दिवाळीला तिला न्यायला मुराळी म्हणून यायचा तो बापच, पुंजाजी. मुराळी आल्याशिवाय सासुरवाशिणीने माहेरी निघायचं नाही, हा एक रिवाज. दुसरा त्याहून कडक : लेकीला लेकरू होईपर्यंत बापाने तिच्या घरचं काही घ्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. मनकर्णेची कूस अजून उजवायची होती. म्हणून पुंजाजी आपली भाकरी आणि पाण्याचा भोपळा काखेला मारून यायचा, ओट्यावर टेकायचा, व्याह्यांची खुशाली विचारायचा आणि म्हणायचा, "चाल बाई, ऊन व्हायच्या आत निंघू."

हा माणूस घरात मोठा घुमा. चार माणसांत तोंड उघडलं तर शपथ. पण वाटेला लागला की बोलायला लागायचा. मनकर्णा लहानपणी किती रडकी होती, तिच्या आईने पहिला स्वयंपाक कसा जाळला, अस्वल समोर आलं तर काय करावं, सगळं त्याला वाटेतच सुचायचं. पहिला दिवस कपाशी आणि तुरीतून. दुसऱ्या दिवशी जमीन चढायला लागायची, आणि बरोबर दुपारी, वसुबारशीच्या दिवशी, दोघं तलावावर पोचायची. गवळ्यांच्या म्हशी पाण्यात डुंबत असायच्या, कडेला शिंगाड्यांचे वेल पसरलेले. बांधावर एक जुनाट मोह होता, त्याला म्हणत चिंधीदेव. पुढे दाट जंगल. म्हणून प्रत्येक वाटसरूने अंगावरच्या कपड्याची चिंधी फाडून तिथे बांधायची, मगच पाऊल पुढे टाकायचं. पुंजाजी आपल्या लाल मुंडाशाची बांधायचा, मनकर्णा पदराची, शेजारी शेजारी. मग ठेचा-भाकर खायची आणि ओंजळीने पाणी प्यायचं. "तलाव काही तुह्या सासऱ्याचा नाही," असं म्हणून पुंजाजी पोटभर प्यायचा.

मग कुठे सातासमुद्रापार लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडे वऱ्हाडात कापूस सोन्याच्या मोलाने जायला लागला. काय सांगावं तेव्हाच्या लोकांचं! जन्मभर अनवाणी हिंडलेले बाप्ये जोडे कुरकुरवत वावरात जायला लागले. मनकर्णेचा नवरा खुशालराव, त्यानेही दमणी घेतली. घुंगरांचे बैल, आत लाल गादी. त्या दिवाळीला पुंजाजी आला तेव्हा दमणी अंगणात जुंपूनच उभी होती.

"आता आपल्या घरची सून पायी जाईन काय?" सासू पार्बताबाई म्हणाली. "लोकं तोंडात शेण घालतीन."

मनकर्णेने बापाकडे पाहिलं. "बा, तू बी बस ना."

"लेकीच्या गाडीत? मले पाय हायेत."

रिवाज तिला ठाऊक नव्हता असं नाही. पण ती चढली. तिला दोष द्यायचा तर खुशाल द्या. बावीस वर्षांची पोर, तिला ती गादी आवडली, एवढंच खरं. वेशीपाशी तिने मागे वळून पाहिलं, तर पुंजाजी भोपळा सावरत एकटाच पायवाटेला लागला होता.

पुढच्या वर्षी सासरहून निरोपच गेला : मुराळ्याने यायचं कारण नाही, दमणी येईल. एलिचपूरचा वळसा घेऊन दमणी दोन दिवसांत पोचायची. पण मनकर्णा पोचली की बाप घरात नसायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायचा, धुळीने माखलेला.

"गाय चुकली होती," म्हणायचा. "पाहाले गेलतो."

असं एकदा नाही, तीन दिवाळ्या झालं. "बा, तिच्या गळ्यात लोढणं तरी बांध," मनकर्णा चिडून म्हणायची. "बांधतो," तो म्हणायचा आणि कोपऱ्यात गप्प बसायचा. आई चुलीत फुंकर घालत राहायची. माहेरपण संपायचं, आणि बापाशी बोलायचं तेवढं राहूनच गेलं, असं मनकर्णेला परतताना वाटायचं.

लढाई थांबली. कापूस पडला आणि दमणी, बैल, घुंगरं, सगळं आलं तसं गेलं. दिवाळी तोंडावर आली. मुराळ्याला निरोप धाडायला वेळ उरला नव्हता. "या साली राहू दे," सासू म्हणाली. बा आपल्यावर रुसला आहे, म्हणूनच तो आपणहून येत नाही, हे मनकर्णेच्या मनाने घेतलं होतं. ती चुलीपाशी बसून मोठ्याने रडली.

खुशालराव मनाचा वाईट नव्हता. "चाल," तो म्हणाला. "मीच येतो मुराळी." नवराच मुराळी झालेला पाहून गाव हसलं. दोघं पायी निघाली. त्याचे पाय पहिल्याच दिवशी सोलवटले. तिला मात्र एकेक ओढा, एकेक वळण ओळख देत होतं.

वसुबारशीच्या दुपारी तलाव दिसला. बांधावर, मोहाखाली, लाल मुंडासं.

पुंजाजी बसला होता. समोर फडक्यावर भाकरी दोघांपुरती. वर फांदीला नव्या लाल चिंध्या बांधलेल्या, आणि त्यातल्या प्रत्येकीशेजारी एक पोपटी. तो पोपटी रंग मनकर्णेने लगेच ओळखला. लग्नाआधीचं तिचं लुगडं, आईने पेटीत जपून ठेवलेलं.

"दरसाल येत होता, बा?"

"म्हटलं, एखाद्या साली पायी आली तर? मुराळ्याबिगर जंगलात कशी येशीन?"

मनकर्णा फडक्यापाशी बसली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "गाय सापडली काय?"

"सापडली," पुंजाजी भाकर मोडत म्हणाला. "लई लांब गेलती."

खुशालराव भोपळा घेऊन पाणी आणायला तलावाकडे वळला, तो बराच वेळ परत आला नाही.