ओल्या भिंतीला रंग नाही

एक पेंटर चौतीस वर्षं भिंती रंगवतायत, पण त्यांचा निम्मा वेळ खरवडण्यात जातो. जुन्या रंगाचे पोपडे पुरते निघाल्याशिवाय ते डब्याचं झाकण उघडत नाहीत. गिऱ्हाईक घाई करतं, हे शांतपणे पट्टी चालवत राहतात. त्यावरून त्यांचं नाव पडलं पोपडेकाका. लोक तोंडावरही तसंच म्हणतात आणि ते ओ देतात.

एका दुमजली घरात मात्र त्यांनी आपला नियम तीनदा मोडला होता. तळमजल्यावरच्या लहान खोलीच्या एका भिंतीला ओल यायची. घरचे म्हणायचे, "मारा हो वरवर," आणि हे मारायचे. वर्षाच्या आत रंग फुगायचा.

चौथ्यांदा बोलावलं ते बाळाच्या खोलीसाठी. धाकट्या सुनेला नववा महिना लागत होता. फिका पिवळा रंग ठरला होता, नवा पाळणा खोक्यातच होता. पोपडेकाकांनी कपाट पुढे ओढलं. मागे पंजाएवढे काळे डाग होते आणि वास असा, की सुनेने नाकाला हात लावला.

"पाणी येतं कुठून?"

ठाऊक सगळ्यांना होतं. वर थोरल्या मुलाचं बिऱ्हाड. पाच वर्षांपूर्वी त्याने बाथरूमला हौसेने टाइल्स बसवल्या, तेव्हापासून खालची भिंत ओली. पण त्या टाइल्सबद्दल ब्र काढायची सोय नव्हती. घरातली शहाणीसुरती माणसं पाच वर्षं टाइल्सचं मन राखत होती.

"भिंतीला घाम येतो," सासूबाई म्हणाल्या.

"घाम यायला ती काय ओझी वाहते?" पोपडेकाका उखडले. "आजी, इथे तान्हं बाळ झोपणार. ही बुरशी त्याच्या छातीत जाईल. मी ओलीवर रंग लावणार नाही. तीनदा लावला, त्याचीच लाज वाटते."

आवाज ऐकून थोरला खाली आला.

"काका, तुम्हाला रंगवायला बोलावलंय, तपासणीला नाही. माझ्याकडून थेंब गळत नाही."

"मग तुमच्या बाथरूममध्ये निळं पाणी साचवतो. गळत नसेल तर खाली काहीच दिसणार नाही."

"साचवा की! चांगलं बादलीभर साचवा!"

काकांनी मोरीच्या तोंडाला बोळा लावला, बादलीत निळ्या रंगाची अख्खी बाटली रिकामी केली आणि पाणी फरशीवर सोडलं. मग खाली येऊन भिंत विटांपर्यंत खरवडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी छताच्या कडेपासून निळा ओघळ उतरला होता आणि विटांमधून फाटे फुटून कमरेपर्यंत आला होता. थोरल्याने तो निरखून पाहिला.

"ब्रश तुमच्या हातात. तुम्हीच मारला नसेल कशावरून?"

पोपडेकाकांचा चेहरा लालबुंद झाला. "मी मारला असता," ते म्हणाले, "तर असा वेडावाकडा मारला असता?"

सुनेने भिंतीवर बोट टेकवलं. ओलं, निळं बोट आधी थोरल्या दिरासमोर धरलं, मग सासूबाईंसमोर.

"आई, घाम निळा असतो का?"

सासूबाई उठल्या. गुडघे धरत जिना चढल्या, वरच्या बाथरूमच्या पाण्याचा कॉक बंद केला आणि तशाच खाली आल्या.

"आजपासून आंघोळीला सगळ्यांनी खाली यायचं. फरशी फुटेपर्यंत."

"अगं आई, त्या टाइल्स..."

"चुलीत गेल्या तुझ्या टाइल्स."

तीन दिवस थोरला खांद्यावर टॉवेल टाकून धाकट्याच्या बाथरूमबाहेर ताटकळला. चौथ्या दिवशी त्याने स्वतःच गवंडी आणला. टाइल्स फुटल्या. खाली मोरीचा पाइप आणि स्लॅब यांच्यामधला सांधा उघडा सापडला. तो कधी नीट भरलेलाच नव्हता. सांधा भरला, फरशी झाली. थोरला काकांशी मात्र एक शब्द बोलला नाही. चूक झाली, एवढंही त्याच्या तोंडून निघालं नाही.

भिंत सुकायच्या आत बाळ आलं. मुलगी. ती आजीच्या खोलीत झोपते. तिच्या खोलीत उघड्या विटा पाहून बाप ओशाळला.

"काका, लोक बघायला येतात. नुसता पडदा लावू का?"

"पडद्यामागे हवा लागत नाही."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना तिथे झोपायचंय का?"

सून मुलीला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. "खरं सांगा, किती दिवस लागतील?"

"दोन महिने. खिडकी उघडी ठेवा, कपाट लांब ठेवा. मग गिलावा, तो सुकला की रंग." काकांनी उरलेल्या भिंतींवरून हात फिरवून पाहिला. "या तिन्ही कोरड्या आहेत. उद्या सुरू करतो."