सांगवी ते चाकण, आत्यांच्या माहेरच्या दुधीसाठी

रविवारी उजाडता उजाडता फोन वाजला. पलीकडून आत्या.

"सूनबाई, तू ती पानांची डाक्टर हायेस ना? मग आत्ताच्या आत्ता ये. ह्यांनी आज सगळा मांडव उपटायचं ठरवलंय, माझ्या माहेरच्या येलासकट!"

या ब्लॉगवर किल्ले आणि लेणी वाचायला येणाऱ्यांनी आधीच ऐकून घ्या, ही सहल चाकणची आहे. चाकणला लोक नोकरीला जातात, हौसेनं कुणी जात नाही, हे मलाही कळतं. पण मी काम करते पिकांच्या रोगांचं निदान करणाऱ्या प्रयोगशाळेत. दिवसभर आजारी पानं खलात वाटायची आणि त्यात कुठला विषाणू लपलाय ते शोधायचं. आणि आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, नीलेशच्या, वडिलांची सख्खी बहीण. नाही म्हणायची सोयच नव्हती.

शिवाय तो वेल साधासुधा नव्हता. नीलेशच्या घराण्याचं शेत कधीच एमआयडीसीत गेलं, आज तिथं गाड्यांचे सुटे भाग बनतात. सासऱ्यांनी सांगवीत फ्लॅट घेतला. त्या शेतातलं उरलं एवढंच: बुटक्या, गोलसर दुधीचं बी. आत्यांनी लग्नानंतर ते पदराला बांधून सासरी नेलं आणि तेव्हापासून दरवर्षी लावलं, दरवर्षी राखलं. मी बियाण्यांची दुकानं पालथी घातली आहेत, तसा दुधी कुठंही मिळत नाही. आमच्या फ्लॅटवर आत्या भाऊबीजेला येतात आणि ओवाळून संध्याकाळच्या आत परत जातात. "तिसऱ्या मजल्यावर कसलं आलंय माहेर?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांचं माहेर त्या वेलावर होतं, आणि तो आज उपटला जाणार होता.

नीलेशनं स्कूटर काढली. मी मांडीवर बर्फाचा डबा घेतला आणि पर्समध्ये तपासणीच्या पट्ट्या टाकल्या. ताथवड्यात पेट्रोल भरलं. सुट्टीच्या दिवशी तिथल्या कॉलेजांच्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं, त्यामुळे रावेतपर्यंत झकास वारा खात गेलो. रावेतला दोन टोलेजंग इमारतींच्या मधे अजून एक हिरवा तुकडा शिल्लक आहे. तिथे कारल्याचा मांडव आणि पुढे ताजी कारली विकणारी बाई. मला राहवेना. उतरले आणि पानं उलटी करून बघायला लागले.

"ओ ताई, कारली घ्यायची तर घ्या. पानं काय मोजताय?"

पानं पिवळी पडून आत वळलेली, आणि हात लावताच पांढऱ्या माश्यांचा धुरळा उडाला. इथला विषाणू या माशीबरोबर येतो. ती जिथं बसेल तिथं रोग, म्हणून आजारी वेल विखुरलेले असतात: एक इथं, चार सोडून एक तिथं. बाईंना पिवळे चिकट सापळे लावायला सांगितलं. त्यांनी मला अर्ध्या किलोवर दोन कारली जास्त घातली.

निगडीत मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागून घ्या, नाहीतर पुढचा रस्ता डोळ्यांतल्या पाण्यातून बघावा लागेल. दोघांचं मिळून तीनशेच्या आत भागतं. हॉटेलवाल्यानं माझा डबा बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"मासळी आहे का? आत नका आणू, गिऱ्हाईक पळतं."

"नुसता बर्फ आहे हो. दुधीची पानं आणायला चाललोय."

"बर्फात? दुधीची पानं?" त्यानं नीलेशकडे अशा नजरेनं पाहिलं, की नीलेश पुढचे दोन सिग्नल हसत होता.

तळवड्यावरून म्हाळुंग्याच्या रस्त्याला लागलात, की एक गोष्ट लक्षात ठेवा: शिफ्ट सुटायच्या वेळेला इकडे फिरकू नका. रविवार असूनही कंटेनर होतेच, पण आम्हाला वाट देत होते. कंपन्यांच्या भिंती, भिंतींना टेकलेल्या चहाच्या टपऱ्या, आणि मधेच एखादा मेथीचा वाफा. मला हा रस्ता आवडतो, काय करू!

आत्यांचं घर चाकणच्या पुढे, एका कारखान्याच्या कुंपणाला लागून. आत्या दारातच उभ्या. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे मामा, हातात कुदळ घेऊन मांडवाशी तयार.

मामा गेली कित्येक वर्षं कंपनीत क्वालिटीला आहेत. विकतच्या बियाण्यावर लावलेला दुधीचा तो मांडव बघून मला हसावं की टाळ्या वाजवाव्यात कळेना. प्रत्येक वेलाला टॅग! चांगल्याला हिरवा, आजाऱ्याला लाल.

"दर रविवारी इन्स्पेक्शन करतो," मामा अभिमानानं म्हणाले. "पहिल्यांदा कोपऱ्यातला एकच येल लाल व्हता. आता निम्मा मांडव लाल. एक पीस खराब निघाला तर बघू म्हणता येतं, पर एवढं निघाल्यावर अख्खा लॉट रिजेक्ट. गोठ्यावरचा हिच्या माहेरचा येल बी त्याच लॉटमधला."

"त्याला हात लावून तर बघा!" आत्या कडाडल्या. "शेजारच्या कंपनीच्या धुरानं झालंय समदं. माझ्या येलाचा काय गुन्हा?"

पानांवर फिक्या आणि गडद हिरव्या रंगाची नक्षी, मधे मधे फोड. नुसत्या डोळ्यांनी बघून नाव सांगता येत नाही, तीन-चार विषाणू अशीच नक्षी काढतात. पण लाल टॅग पाहिले आणि मला रावेतचा मांडव आठवला. इथं विखुरलेलं काहीच नव्हतं. कोपऱ्यातून रोग निघाला होता तो ओळीनं, एकही वेल न सोडता, माणूस चालत जावा तसा.

"मामा, इन्स्पेक्शन कसं करता, दाखवा बरं."

मामांनी खिशातून कंपनीचे सुती हँडग्लोव्हज काढले, चढवले आणि कोपऱ्यातल्या वेलापासून सुरुवात केली. पान उलटं केलं, दाबून पाहिलं, शेंडा खुडला, पुढचा वेल. पान, शेंडा, पुढचा वेल. हातमोजे पानांच्या रसानं हिरवेकाळे झालेले.

अरे देवा!

आजारी पान पिशवीत चुरडून मी त्यात पट्टी बुडवली. कोरोनाच्या वेळी सगळ्यांनी पाहिली तशीच पट्टी असते. दोन रेघा आल्या. हा विषाणू माशीची वाट बघत नाही. तो पानांच्या रसातून पसरतो, हाताला, विळ्याला, कापडाला चिकटून राहतो. आणि बियांतूनही पुढच्या वर्षात जातो.

मामांनी हातमोज्यांकडे पाहिलं, मग लाल टॅगांच्या ओळीकडे, आणि हातमोजे काढून बांधावर बसले.

"म्हंजी तपासणाऱ्यानंच माल खराब केला."

मला फार वाईट वाटलं. इतक्या मायेनं कुणी दुधीची काळजी घेतलेली मी पाहिलेली नाही.

आत्यांनी मात्र एकच शब्द पकडला होता. "बियातून जातो म्हणालीस? म्हंजी माझं बी..."

गोठ्याच्या पत्र्यावर त्यांचा वेल पसरला होता. बियाण्यासाठी राखलेला एक गोल दुधी लोंबत होता, देठाला लाल दोरा बांधलेला. मी हात साबणानं खसखसून धुतले, वर चढले, तीन ठिकाणची पानं घेतली. पट्टी बुडवली. एक रेघ लगेच येते, ती पट्टी चांगली असल्याची. दुसरीची वाट बघायची असते. आत्यांनी डोळे मिटले आणि नीलेशचा दंड इतका घट्ट धरला की तो कळवळला.

दुसरी रेघ आली नाही. मी दुसरी पट्टी लावली. तिच्यावरही नाही.

"आत्या, वेल चांगला आहे! पण मामांच्या हातून हा कसा काय सुटला?"

"सुटतोय कसला? मी हात लावू दिला तर ना!" आत्या डोळे पुसत हसायला लागल्या. "लग्नापास्नं सांगून ठेवलंय, माहेरच्या येलाला सासरचा हात लागायचा न्हाई."

"व्हय, आन मी तिला येडी म्हणत व्हतो," मामा म्हणाले. मग उठून त्यांनी स्वतःच्या हातानं गोठ्यावरच्या वेलाला हिरवा टॅग लावायला घेतला, आणि आत्या एवढ्या जोरात ओरडल्या की कुंपणापलीकडचा वॉचमन डोकावला.

दुपारी बाजरीची भाकरी, ठेचा आणि डाळ घातलेला दुधी. आजारी वेलाचा दुधी माणसाला बाधत नाही, निर्धास्त खा. मग मामांनी लाल टॅगचे वेल मुळासकट उपटून जाळले. पुढं वेलाला हात लावण्याआधी हात आणि विळा साय काढलेल्या दुधात बुडवायचा, हे मी सांगितलं. दुधानं हा विषाणू लुळा पडतो. "दुधीला दूध!" म्हणत मामा प्रथमच मनापासून हसले.

निघताना आत्यांनी राखेत ठेवलेल्या गेल्या वर्षीच्या बियांतल्या मूठभर माझ्या रुमालात बांधल्या. "एकाच घरात ठेवलं, म्हणून एवढी घाबरले. थोडं तुज्याकडं ऱ्हाऊ दे."

त्यातल्या काही मी प्रयोगशाळेत तपासल्या. स्वच्छ निघाल्या. उरलेल्यांतली एक गॅलरीतल्या कुंडीत लावली.

त्या दिवसापासून आत्यांचा रोज फोन येतो. पूर्वी विचारायच्या, भाऊ कसा आहे, नीलेश कसा आहे. आता ते सगळं नंतर.

"सूनबाई," परवा त्यांनी विचारलं, "माझं माहेर कसं हाय?"

मी गॅलरीत जाऊन बघून आले. "दोन पानं फुटलीत, आत्या."

पलीकडून आवाज आला, "पुढच्या महिन्यात चार दिस ऱ्हायला येते."