चहा आधी की तारीख आधी

शनिवारी सकाळी रेवसहून भाऊच्या धक्क्याच्या लाँचमध्ये बसले की शेजारची बाई हटकून विचारते, "आजी, मुंबईत कोनाकडं?" मी सांगते, "कॉलेजात." तिला वाटतं, नातवंडाला भेटायला. मीही दर वेळी खुलासा करत नाही. 'आंतरराष्ट्रीय विकास आणि राजकीय अर्थशास्त्र' एवढं म्हणून होईतो धक्का येतो.

साठी उलटल्यावर एम.ए.ला बसायचं कारण साधं आहे. माझं माहेर उरणकडचं. जिथे आमची मिठागरं होती, तिथे आता कंटेनर एकावर एक रचून ठेवलेत. माहेरी गेले की मी त्यांच्यावरची नावं वाचत उभी राहते. हा डबा कुठून आला, कुठे निघालाय आणि मध्येच आमच्या मिठावर येऊन का बसला? कुठल्या खोलीत, कुणी ठरवलं? नवऱ्याला विचारलं तर म्हणाले, "सरकारनं." एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढंसं उत्तर मला पुरलं नाही.

वर्गातली सगळी मुलं माझी नातवंडं शोभतील अशी. पहिल्या दिवशी ती माझ्याकडे बघून उभी राहिली. त्यांना वाटलं, मीच शिकवायला आले.

एके दिवशी मॅडमनी देशादेशांतले करार कसे वाचायचे ते शिकवायला घेतलं. फळ्यावर एक नमुन्याचं कलम लिहिलं: श्रीमंत देश गरीब देशांना तंत्रज्ञान देण्यासाठी प्रयत्नशील राहतील. मग विचारलं, "यात काय नाही?"

कुणी काही, कुणी काही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "तारीख नाही. आणि नाही दिलं तर काय, तेही नाही. बाकीची कलमं बघा, जकात किती, कधीपासून, सगळं काटेकोर. ज्याला जे खरंच हवं असतं, त्याची तो तारीख लावून घेतो."

मला एवढ्या मोठ्याने हसू फुटलं की पुढच्या बाकावरची मुलगी दचकली. कारण हे कलम माझ्या ओळखीचं होतं. माझं लग्न त्यावरच झालं होतं.

आमच्याकडे बोलणी करायला आलेले पाहुणे शब्द ठरेपर्यंत चहाला हात लावत नाहीत. चहा प्यालात की बोलणं संपलं, सगळं मान्य. माझ्या बैठकीत सासऱ्यांनी वऱ्हाडी किती येणार यावर चहा अडवला. माझ्या वडिलांनी मांडवाच्या खर्चावर अडवला. करंजाहून रेवसला वऱ्हाड खाडीपार तरीच्या होडीने न्यायचं, तर त्या तरीचं भाडं कुणी द्यायचं, यावर तर दोन्हीकडचे काका अंगावर जायचे बाकी राहिले. मी दाराआड, हातात ट्रे, त्यात तिसऱ्यांदा गरम केलेला चहा.

सगळ्यात शेवटी वडील म्हणाले, "पोरीला पुढं एम.ए. करायचंय."

सासरे म्हणाले, "व्हय, शिकंल की. बघू पुढं."

झालं! ही बी.ए. झालेली, गावात हुशार म्हणून मिरवणारी बया दाराआड अशी फुलली, की कुणी हाक मारायची वाट न बघता ट्रे घेऊन आपणहून बाहेर आली. सगळ्यांनी कप उचलले. विषय संपला. तरीच्या भाड्यासाठी दोन काका भांडले, आणि माझ्या एम.ए.साठी कुणी भांडायच्या आत मीच चहा पाजला. आत जाऊन दोन लाडूही खाल्ले, आनंदाने. पुढे कित्येक वर्षं मी सासऱ्यांना नावं ठेवत होते. त्यांनी तर कधी 'नाही' म्हटलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी वर्गात खोटी खोटी परिषद भरवली. मी समुद्रात बुडू घातलेलं एक लहानसं बेट झाले, समोर चार पोरं श्रीमंत देश. ती आपली प्रयत्नशील राहत होती. मध्यंतराला चहा-समोसे आले. मी हात मागे घेतले.

"आजी, घ्या ना."

"आमच्या देशाने अजून चहा घ्यायचं ठरवलेलं नाही."

पोरं हसली. मग त्यांनी समोशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आजी उपाशी बसलेली असताना खायचं कसं? समोसे निवत गेले. शेवटी सगळ्यात श्रीमंत देश वैतागून म्हणाला, "बरं बाबा, पुढच्या मार्चपर्यंत!" मी म्हटलं, "लिही." त्याने लिहिलं, मग मी समोसा उचलला. मॅडम डोळे पुसत होत्या, हसून.

खेळ झाला. खरं संकट घरी होतं. शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी आमचा वर्ग श्रीलंकेला जाणार होता, तिथल्या मोठ्या बंदराशेजारच्या कोळीवाड्यात राहायला. प्रकल्प नाही तर पदवी नाही. आणि मला तर कधी एकदा जाते असं झालेलं. तिथल्या बायाही डब्यांवरची नावं वाचतात का? त्यांना कुणी काय सांगितलं? पण माझ्याकडे पासपोर्ट नव्हता, आणि जायची वेळ नेमकी भातकापणीची. मुलाला दोनदा सांगून झालं. दोन्ही वेळा तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "बघू गं आई. टेन्शन नको घेऊस."

त्या रविवारी संध्याकाळी सुनेने ओटीवर चहा आणून ठेवला. ही माझी सून माझे निबंध माझ्याआधी वाचते, तिचं बी.एड. अर्धं राहिलंय. मी कप उचलला नाही.

"आई, चहा गार होतोय," मुलगा म्हणाला.

"होऊ दे. पासपोर्टची तारीख कधीची घेतोस?"

"घेऊ ना, बघू..."

मी कप आणखी लांब सरकवला. त्याने वडिलांकडे पाहिलं. नवरा आमच्या लग्नाच्या बैठकीत समोरच बसलेला माणूस, त्यांना सगळं ताबडतोब कळलं. स्वतःचा अर्धा प्यालेला कप त्यांनी हळूच खाली ठेवला आणि म्हणाले, "घे रे बाबा तारीख. हिचा बाप असाच बसायचा. आज रात्री जेवायची पन न्हाय ही."

मुलाने मोबाईलवरच काय ते केलं आणि गुरुवारची तारीख दाखवली. मी चष्मा लावून ती वाचली. चहावर साय धरली होती. मी कप तोंडाशी नेला आणि थांबले.

"आणि कापणीला माणसं येतील, त्यांच्या जेवणाचं?"

"ते बघू की," नवरा म्हणाले.

मी कप खाली ठेवला.

"अगो, बरं, बरं! भात मी लावीन. एवढा काय मी अगदीच न्हाय. कालवण सून करंल."

"तिला विचारलंत?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"विचारा ना बाबा," सून आतूनच म्हणाली. "मी पण अजून चहा घेतलेला नाही."

मुलाने मोबाईल खिशात ठेवला. मी सरकून तिच्यापुरती जागा केली, आणि दोघींचा चहा पुन्हा गरम करायला नवऱ्याला आत पाठवलं.