डब्यावरचा गेरू

"नर्सरीतला हाय, पण वास बघा की," आई शेजारच्या काकूंना सांगत होती.

मी पाण्याची बादली घेऊन गच्चीच्या जिन्यात उभी होते. वर जायचं की मागे फिरायचं, कळेना. त्या मोगऱ्याची फुलं आईच्या परडीत होती, देवासाठी खुडलेली.

तो मोगरा नर्सरीतला नाही. हे तोवर मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आणि सांगण्यासारखं नक्की काय आहे — खोटं बोलले ते, की त्याआधी केलं ते? अजूनही ठरवता येत नाही.

गच्चीवर कुंड्या लावायचं वेड माझं. शाळेत बक्षीस मिळालेलं एक इंग्रजी पुस्तक होतं, गुळगुळीत कागदाचं. त्यातली चित्रं बघून मी झाडं निवडायची — पॅन्सी, पिटुनिया. परभणीत चैत्रात स्लॅबवर पाय ठेवता येत नाही, हे काय मला माहीत नव्हतं? तरी निवडायची. सगळी करपली. कॉलेजात माझ्याशेजारी बसणाऱ्या सुनंदाला हे सांगितलं, तर ती बाकावर डोकं टेकवून हसली. "पुस्तक विलायतेचं अन् ऊन आपलं. कसं जमावं बाई?" मग दोघींनी मिळून ठरवलं : सदाफुली, कोरफड, चिनी गुलाब. "अन् मोगरा," ती म्हणाली. "उन्हाला भीत न्हाई तो. आमच्याकडचा देते."

आणि दिला. पिंगळीहून पॅसेंजरनं कॉलेजात आली, डबा मांडीवर धरून. वनस्पती तुपाचा रिकामा डबा, त्याला निळा रंग — घराचं दार रंगवून उरलेला, तिच्या वडिलांनी दिलेला.

ते नामांतराचे दिवस. विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव माणसं दुरावलेली. सुनंदाचं घर बौद्धांचं, वस्तीवर निळे झेंडे. आमचं घर जमीनवाल्यांचं. तो विषय निघाला की आमच्याकडे आवाज खाली यायचे. भांडण नाही, शिवी नाही — नुसते आवाज खाली.

डबा मी थेट घरात नेलाच नाही. मागच्या न्हाणीपाशी ठेवला. तुळशीच्या कुंडीला लावून उरलेला गेरू कालवला, आणि त्या निळ्यावर फासला.

का? मला कुणी सांगितलं होतं का? आई काही म्हणाली असती का? खरंच माहीत नाही — मी तिला संधीच दिली नाही. तिनं विचारलं, "कुठनं आणलास गं?" मी म्हटलं, नर्सरीतून.

मग एका रविवारी सुनंदा घरी आली. आईच तिला हौसेनं गच्चीवर घेऊन गेली. "बघ, हिनं नर्सरीतनं आणलाय." मी मागे उभी. डब्याच्या काठाखाली बोटभर निळा राहून गेला होता, तो मला तेव्हाच दिसला. सुनंदा वाकली. पानं उलटून बघितली. ती वाट बघत होती, मी बोलेन म्हणून? की मलाच तसं वाटलं?

"गेरू चांगला बसलाय," ती म्हणाली. बस. जाताना जिन्यात मला म्हणाली, "थंडीत पाणी तोड, पानं ओरबाड. मग बघ कसा फुलतो."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण नंतरही वर्गात शेजारीच बसली, हसली, परीक्षेत पेन दिलं. माफ केलं होतं, की माझ्याकडून तिला दुसरी अपेक्षाच नव्हती? घरी मात्र ती पुन्हा आली नाही. मी बोलावलं होतं का? नाही. मग लग्न होऊन ती लांब गेली.

दर थंडीत मी पाणी तोडते, पानं ओरबाडते. आणि आणखी एक. पावसाळ्यात गेरू उतरतो, खालचा निळा वर येतो. मी दरवर्षी पुन्हा लावते. एकदाच केलं, असं मला म्हणता येत नाही.

"मला बी एक फांदी द्या की," काकू म्हणाल्या.

"न्या की," आई म्हणाली. "नर्सरीत असलं कुठं मिळतंय आता?"

मी वर गेले. बादली खाली ठेवली. परडी अजून आईच्या हातातच होती.

"आई, हा नर्सरीतला नाही. सुनंदाच्या घरचा आहे, तिनं दिलाय. डबा निळा होता. गेरू मी लावला."