आईचा आवाज खाली उतरवताना

पाळण्याच्या साखळीची कुरकुर, आणि तिच्यावरून ओल्या तारेसारखा सरकत गेलेला आईचा बारीक आवाज. गावाकडे, जनवाड्याच्या घरी माझ्या बहिणीच्या लेकीचे बारसे होते. बायकांनी आग्रह केला, तेव्हा आईने लाजत उखाणा घेतला. एरवी अप्पांचे नाव तिने कधी उच्चारले नाही. सारा संसार ‘ऐकलं का’ या हाकेवर झाला. माझ्या फोनमध्ये टिपलेले तेवढे दीड मिनिट राहिले. पुढच्या श्रावणात ती गेली.

अप्पांचे कान तोवर अर्धे मिटले होते. बीदरच्या आमच्या घरावरून जाणाऱ्या विमानांची घरघर त्यांना कळे. कुकरची शिट्टी, चिमण्या, बायकांचे आवाज, असले बारीक स्वर कळत नसत. माझे बोलणे ते ओठांवरून वाचत. कानातल्या यंत्राने सगळेच किंचाळते, म्हणून यंत्र डबीत पडून होते. मी ते दीड मिनिट लावून दिले, तेव्हा फोन कानाशी धरून ते म्हणाले,

“निस्तं वारं वाजायलंय गं.”

“आईनं तुमचं नाव घेतलंय त्यात, अप्पा.”

“व्हय? जन्मभर घेतलं न्हाई, अन् घेतलं तवा मी भाईर जिलबी वाढायलो होतो. येळ कधी साधलीच न्हाई बघ तिनं.”

हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

गती तीच ठेवून स्वर तेवढा खाली आणणारे सॉफ्टवेअर मी शिकून घेतले. संगणकाच्या पडद्यावर आईचा आवाज काटेरी निळ्या रेघेसारखा दिसे. एकेक पायरी मी तो उतरवत गेले. आधी तिचे लाजणे गळाले, मग बांगड्यांची किणकिण बोथट झाली, मग तिचे बाईपणही गेले. शब्द मात्र शाबूत होते. शब्द पोचले की आई पोचेल, असे मला वाटले.

अप्पांना मी आधी सांगितले नाही. अवचित ऐकू यावे, ही माझी हौस. दुपारी ते वर्तमानपत्र वाचत असताना मागून स्पीकर लावला. तो जाड, घोगरा आवाज खोलीत फिरला आणि त्यांच्या नावावर येऊन थांबला.

त्यांना नीट ऐकू आले होते. त्यांनी टोपी सारखी केली, लगबगीने दाराची कडी काढली, रिकाम्या अंगणात पाहिले, आणि माझ्याकडे वळून विचारले,

“कोण?”