दौलतकाकांनी निवडलेला कीबोर्ड

दौलतकाकांना मी फसवलं. त्यांच्याविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी; नाहीतर त्यांच्या तबल्याबद्दल आणि स्वभावाबद्दल पुढं जे चांगलं लिहीन, ते लिहिण्याचा मला हक्क नाही असं वाटत राहील. फसवणूक पैशाअडक्याची नव्हती. नागपूरच्या एका वाद्यांच्या दुकानात, भर दुपारी, मी त्यांना एक वाक्य खोटं सांगितलं. त्या वाक्यावर विश्वास ठेवून त्यांनी माझं काम मन लावून केलं. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली.

बालाघाटात त्यांना तबलजी म्हणून ओळखणारे थोडे आणि 'मिस्त्री' म्हणून ओळखणारे फार. एका राईस मिलमध्ये ते यंत्रं सांभाळत. मिलच्या फाटकातून आत येतानाच कान टवकारून सांगत, "तिसऱ्या मशीनचा पट्टा ढिला झाला. उद्या बसवू म्हनसान तं आजच तुटते." आणि तो तुटायचा. संध्याकाळी रॉकेलनं हातांचं ग्रीस काढायचं, मग साबण, मग पुन्हा साबण. आणि तेच हात तबल्यावर. तबला स्वरात लागेपर्यंत चहाला शिवायचे नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "पह्यले याचं पोट भरू दे, मंग माहं."

वाजवताना ते स्वतःच्या हातांकडे कधी बघत नसत. बघायचे गाणाऱ्याच्या खांद्यांकडे. मी कॉलेजात असताना त्यांच्या साथीला पेटी वाजवायचो, तेव्हा एकदा विचारलं होतं की काका, तुम्ही असं काय टक लावून बघता? म्हणाले, "गाणारा तोंडानं मंग गाते, पह्यले खांद्यानं सांगते."

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कुसुमताई आमच्या गणेशोत्सव मंडळातल्या गायिका, शाळेत शिक्षिका होत्या. एका कार्यक्रमात दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी त्या शब्द विसरल्या. त्यांचा चेहरा उतरायच्या आत काकांनी ठेका इतका हळू केला, की ती शांतता ठरवून ठेवल्यासारखी वाटली. दोन आवर्तनं ते नुसते बोटांनी कुजबुजत राहिले. ताईंना शब्द आठवले, खांदे उचलले गेले आणि काकांची थाप बरोबर त्यांच्या पहिल्या अक्षरावर पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर मी कौतुक केलं तर काका म्हणाले, "गाणं चालून राह्यलं तवा ठेका कोनालेही जमते रे. गाणं थांबलं का मंग पाहा."

पुढं मला सिंचन विभागात नोकरी लागली. आधी बिरसा, मग किरनापूर, मग पुन्हा बिरसा. लग्न, मुली, बदल्या. पेटी आधी खोलीच्या कोपऱ्यात होती, मग माळ्यावर गेली; बिरसाच्या क्वार्टरमध्ये उंदरांनी तिचा भाता कुरतडला, तेव्हा मला वाईटसुद्धा फारसं वाटलं नाही. सोळा वर्षं अशी गेली. बालाघाटला बदली होऊन आलो आणि पंधरा दिवसांत दौलतकाका ऑफिसात हजर. केस पांढरे, पाठ तशीच ताठ. सगळ्या बाबूंसमोर मोठ्यानं म्हणाले, "काहून रे सुधाकर, तू आला म्हंतेत. बोटं संगं आणली का जंगलातच सोडून आला?"

बोटं आणली होती, पण ताल सोडून आलो होतो. कुसुमताईंच्या बैठकीत दर रविवारी सकाळी आम्ही बसू लागलो. ताईंचीच जुनी पेटी मी वाजवायचो. सूर सापडायचे, पण दोन ओळींमधली जागा भरताना मी अडखळायचो आणि समेवर उशिरा पोचायचो. काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावत नसत. ते थांबायचे. हात तबल्यावर तसेच ठेवून, माझ्या खांद्यांकडे बघत, मी परत जागेवर येण्याची वाट बघायचे. "येऊ दे, येऊ दे. गाडी लेट हाये, रद्द नाही झाली," म्हणायचे. ताई हसायच्या. मीही हसायचो. पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाला दर रविवारी असं हसणं जड जातं. त्यांच्या त्या थांबण्यातच माझी चूक सगळ्यांना ऐकू येत होती.

त्याच सुमारास मी एका लग्नात कीबोर्ड ऐकला. साधा नव्हे. डाव्या हातानं दोन-तीन पट्ट्या दाबल्या की ताल, बास, गिटार सगळं आपोआप वाजू लागे, आणि उजव्या हातानं वाजवणाऱ्यानं फक्त चाल वाजवायची. वाजवणारा बेताचाच होता, पण ते लक्षात येत नव्हतं. मागून ठेका घड्याळासारखा चालला होता आणि तो ठेका कुणाच्या खांद्यांकडे बघत नव्हता. मला तेच हवं होतं. गणेशोत्सवाला दोन महिने होते. मी मंडळाच्या सचिवांना परस्पर सांगून टाकलं, यंदा तबला नको, सगळं माझ्या कीबोर्डात असेल. त्यांनी मान डोलावली. एक माईक कमी लागणार होता.

मग मी काकांनाच म्हणालो, कीबोर्ड घ्यायला नागपूरला चला. सोळा वर्षांनी परतलेल्या माणसाला कोणता बाजा चांगला हे कसं कळणार? माझ्या ओळखीत इतका तयार कान दुसऱ्या कुणाचा नव्हता. हे लिहितानाही लाज वाटते, पण मी तेव्हा असा सरळ हिशेबी विचार केला होता. काका खुशीत निघाले. गोंदियापर्यंतच्या छोट्या रेल्वेगाडीत त्यांनी घरून आणलेली भाकरी आणि चटणी मला खाऊ घातली. "तू पुन्हा लागला हे लय बेस झालं," म्हणाले. "मले वाटे, तूही फायलीत बुडाला."

दुकानदारानं पहिल्याच कीबोर्डचं बटण दाबलं आणि त्यातून तबला वाजू लागला. काका दचकले. थोडा वेळ ऐकत राहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सुधाकर, हा तं माहंच काम करून राह्यला."

"घरच्या सरावासाठी, काका," मी म्हणालो. "तुम्ही रोज कुठं येणार? स्टेजवर तुम्हीच."

हेच ते वाक्य.

"हौ, ते बराबर हाये," काका म्हणाले आणि स्टुलावर डोळे मिटून बसले. "चालू करा भाई. पह्यले केहरवा. धीरे."

दुकानदाराला दिव्यांचा, दोनशे आवाजांचा, चकचकीत बाजा खपवायचा होता. "पूरा ऑर्केस्ट्रा है, चाचा, एक हाथ में!" काकांनी डोळे न उघडता हात हलवला. "इसका डग्गा डिब्बे जैसा बजता है. दूसरा." दुसऱ्याच्या पट्ट्या हलक्या होत्या, हळू दाबा, जोरात दाबा, आवाज एकच. काका मला म्हणाले, "हा नोको. हा तुह्यं मन नाही आयकत." तिसऱ्यात दादरा जलद केला की बोल एकमेकांवर चढत होते. चौथा दिसायला साधा होता, आवाज थोडे, पण बोटाच्या दाबाप्रमाणे स्वर लहानमोठा होई. काकांनी त्यावर ठेका लावायला सांगितला आणि स्वतः हलकेच गुणगुणू लागले. मध्येच थांबले. ठेका चालूच.

"ये रुकता नहीं?"

"रुकेगा क्यों, चाचा? मशीन है."

"गानेवाला रुकेगा तो?"

दुकानदारानं पुस्तिका उघडली, बटणं शोधली. त्या बाजात एक सोय निघाली: डावा हात उचलला की ठेका थांबायचा, पुन्हा ठेवला की सुरू. काकांनी मला दहा वेळा हात उचलायला आणि ठेवायला लावला. त्यांचा चेहरा खुलला. "हा घे. याले थांबता येते." बाहेर आल्यावर खोका त्यांनी माझ्या हातात दिला नाही. नागपूर स्टेशनपर्यंत स्वतःच्या खांद्यावर नेला, आणि गोंदियाला गाडी बदलतानाही. पुढचे रविवार आम्ही पेटी-तबल्यावरच काढले; कीबोर्ड मी घरीच वाजवायचो.

गणेशोत्सवात कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी काका नेहमीसारखे सर्वांत आधी आले. नवं कातडं, म्हणजे पुडी, चढवून आणलेला तबला काळी चारच्या स्वराला लावत बसले. हातोडीचे ठोके मला पडद्यामागं ऐकू येत होते. तबला लागला, त्यांनी चहा मागवला, आणि तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन उकिडवा बसलो. म्हणालो, "काका, मंडळाचं म्हणणं पडलं की यंदा नुसत्या कीबोर्डवर करू. आत्ताच सांगितलं त्यांनी." दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

काकांनी कप खाली ठेवला. "आत्ताच?"

"हो."

"बरं." त्यांनी तबल्याला गवसणी घातली. पण तोवर समोर लोक जमले होते आणि उठून जायला स्टेजच्या पुढूनच वाट होती. ते तिथंच बसून राहिले, झाकलेल्या तबल्यामागं, मांडी घालून, संपूर्ण कार्यक्रमभर.

कार्यक्रम रंगला. यंत्रानं काही दगा दिला, फजिती झाली, असं सांगता आलं असतं तर माझं मन थोडं हलकं झालं असतं. तसं काही झालं नाही. माझा ताल एकदाही चुकलेला दिसला नाही. लोक पाठ थोपटायला आले. काकाही आले. म्हणाले, "ठेका साफ होता." आणि तबला-डग्गा घेऊन सायकल ढकलत निघून गेले. त्यानंतरच्या रविवारी ते आले नाहीत. मी बोलवायला गेलो नाही. बाजारात लांबून दिसले तर मी गल्ली बदलायचो.

दोन वर्षं मी कार्यक्रम केले. मग एका रविवारी कुसुमताई म्हणाल्या, "सुधाकरभाऊ, रागावू नका, पण मी आता नाही गात. तुमचं मशीन मला श्वास घेऊ देत नाही." मी म्हणालो, "ताई, हात उचलला की थांबतं ते." त्या म्हणाल्या, "पण तुम्ही उचलत नाही ना." खरंच, स्टेजवर मी एकदाही हात उचलला नव्हता. काका निवृत्त होऊन किरनापूरला मुलीकडे राहायला गेल्याचं त्याच दिवशी ताईंकडून कळलं.

तिथं जायला मी आणखी एक वर्ष घेतलं. बस थांबते तिथून दहा मिनिटांवर घर. दुपारची वेळ, अंगणात धान वाळत घातलेलं, काका ओट्यावर बसून कोंबड्यांना हाकलत होते. मला बघून आरडाओरडा केला. "आला रे आला, साहेब आला! पोरी, चाय ठेव!" बिरसाच्या, ऑफिसच्या, मुलींच्या गोष्टी झाल्या. शेवटी मी म्हणालो, "काका, त्या गणपतीच्या कार्यक्रमात तुमच्यावर अन्याय झाला. मला फार वाईट वाटतं."

"अरे सोड बाप्पा," काका म्हणाले. "मंडळवाल्यायनं केलं, तू काय करशीन? मी तवाच घरी सांगतलं, सुधाकरचा काही दोष नाही. पोराले ऐनवक्ती धर्मसंकटात टाकलं म्हनलं त्यायनं."

मला माफी मिळाली होती. चहा संपला होता, बसची वेळ झाली होती. मी पाया पडलो, चपला घातल्या, अंगण ओलांडून फाटकापर्यंत आलो. काका मागून मुलीला सांगत होते, "लय गुणाचा हाये." मला फाटकाची कडी काढता येईना. मी परत फिरलो.

"काका, मंडळानं काही म्हटलं नव्हतं. तबला नको, हे मंडळाला मीच सांगितलं होतं."

"कवा?"

"नागपूरला जायच्या आधी."

ते माझ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो होतो की काकांना मनातून सगळं कळलं असेल, एवढा तयार कान माझं खोटं ओळखल्याशिवाय कसा राहील. त्यांना कळलं नव्हतं. ते मला आत्ता, त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"म्हंजे त्या दुकानात…"

"खोटं बोललो."

"मी तीन घंटे बसलो होतो रे तिथी," काका हळू आवाजात म्हणाले. "तुले चांगला भेटला पाह्यजे म्हून."

मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. मी चपला काढल्या आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"माझा ताल गेला होता, काका, आणि तो गेलेला तुम्हाला दिसत होता. म्हणून मला तुम्ही शेजारी नको होता. आणि तुमच्या जागी जे ठेवायचं, ते मी तुमच्याचकडून निवडून घेतलं. मघाशी मागितली ती माफी खरी नव्हती. ही खरी. मला माफ करा."