मापावरची मूठ

गोंदियाजवळच्या बिरसीत दुर्पताबाई रहांगडाले यांच्या घरी जेवणाऱ्याने "पुरे" म्हटलं, तरी ताटात आणखी एक वाढणी पडते. तांदूळ पायलीने मोजून झाले की त्या वर एक मूठ टाकतात. वासराची पेंड असो की पाहुण्याचा चहा, मापाच्या वर काहीतरी हवंच. त्यांचा नवरा टेकचंद म्हणतो, "हिले तलाव भरून देल्ला तरी थे वरून तांब्याभर पानी टाकन."

दुर्पताबाई हसत नाहीत. त्यांची नात खुशी जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती. दवाखान्यातून औषधाची बाटली मिळाली, किती थेंब द्यायचे ते सांगितलं. दुर्पताबाईंनी रोज दोन थेंब जास्त दिले. खुशी आता शाळेत धावण्यात पहिली येते. जास्तीच्या थेंबांची गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. पण तेव्हापासून त्यांची खात्री झाली, की मोजून देणारे लोक भितात म्हणून कमी देतात.

घराच्या वरच्या दोन खोल्या त्या गावच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकायला आलेल्या मुलांना भाड्याने देतात. मागच्या पावसाळ्यानंतर भोपाळचा गुलशन राहायला आला. त्याच्या सामानात जाळीचा उभा पिंजरा होता आणि त्यात फांदी धरून बसलेला, बोटाएवढा हिरवा जीव. शॅमेलिऑनचं, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचं पिल्लू; परदेशी जातीचं, रीतसर नोंदणी करून घेतलेलं. गुलशन त्याला गिरगिट म्हणायचा, म्हणून घरातही तेच नाव पडलं. त्याचा एक डोळा पुढे बघायचा तेव्हा दुसरा मागे. पाय टाकण्याआधी तो झुलायचा, जणू वाऱ्याने हललेलं पान.

शेजारच्या जमुनाबाई दारातूनच बघून म्हणाल्या, "थुंकलं तं आंधरी होशीन, दुर्पता."

"माह्या घरचं खाऊन माह्यावरच थुंकन काऊन? थो का जावई आहे?"

हिवाळ्यात गुलशनची परीक्षा दिल्लीत आली. महिना-दीड महिना लागणार होता. त्याने पिंजरा खाली आणून ओसरीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवला, वरचा दिवा लावून दाखवला आणि दोन लहान डबे दुर्पताबाईंच्या हातात दिले. पांढऱ्या झाकणाच्या डब्यात नुसतं कॅल्शियम होतं. ते रोज. त्याने खाऊ म्हणून पाळलेल्या रातकिड्यांतले पाच-सहा पेल्यात घ्यायचे, चिमटीभर भुकटी टाकायची, पेला हलवायचा आणि ते पिठात घोळल्यासारखे झाले की पिंजऱ्यात सोडायचे. पिवळ्या झाकणाच्या डब्यात व्हिटॅमिन आणि डी-थ्री होतं.

"ये वाला पंद्रह दिन में एक बार, आंटी. इससे ज़्यादा बिलकुल नहीं."

"पुनवेले एकदा अन् अवसेले एकदा," दुर्पताबाई म्हणाल्या. "ध्यानात राहीन."

ध्यानात राहिलंही. पुनवेला त्यांनी पिवळा डबा उघडला, वास घेतला आणि विचारात पडल्या. सून रेणू भाजी निवडत होती.

"मले सांग रेणू, यात सगळी ताकद. अन् त्या पांढऱ्यात नुसता चुना. मंग चुना रोज अन् ताकद पंधरा दिवसानं, काऊन?"

"आई, त्यानं सांगतलं ना तसं."

"थो पोरगा आहे. महागाचं आहे म्हनून पुरवून वापरत असन."

रेणूने पुढची जुडी उचलली. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या चिमटीवर पिवळी चिमूट पडली. तिसऱ्या दिवशीही.

संध्याकाळी गुलशनचा फोन यायचा. "आंटी, बराबर दे रहे हो ना?"

"देऊन राहिली नं बाप्पा. जसं सांगतलं तसंच."

गिरगिट खात होता. अंगावरचे पट्टे उजळले होते. एके दिवशी त्याचा गळा भरल्यासारखा दिसला. दुर्पताबाईंनी टेकचंदला हाक मारून दाखवलं. "पाहा, कसा भरून आला! वाळल्या काडीसारखा होता."

"आता याले गोंदियाच्या बाजारात ने इकाले," टेकचंद म्हणाला.

पण ते भरणं गळ्यावरच थांबलं. पाय तसेच काडीसारखे राहिले आणि मानेभोवती पाण्याची पिशवी बांधल्यासारखं दिसू लागलं. मग त्याचा एक डोळा मिटला. रातकिडा समोरून चालत गेला, तरी जीभ निघाली नाही. भरदुपारी तो फांदीवरून खाली आला आणि पिंजऱ्याच्या तळाशी काळपट होऊन पडून राहिला.

दुर्पताबाईंच्या हाती आलेला जीव आजवर कधी गेला नव्हता. आई मेलेली करडं त्यांनी बोळ्याने दूध पाजून जगवली होती. त्या पिंजऱ्यापुढे मांडी घालून बसल्या. रेणूने फोटो काढून गुलशनला पाठवला.

अर्ध्या तासात त्याने नागपूरच्या एका पशुवैद्याला फोनवर जोडून घेतलं. रेणूने मोबाइल मोठ्या आवाजावर टाकून सासूच्या मांडीवर ठेवला.

"फोटोवरून सूज दिसते," डॉक्टर म्हणाले, "पण कारण दोन्हींकडून असू शकतं. औषध कमी पडलं असेल तर वाढवावं लागेल. जास्त झालं असेल तर सगळं बंद. पिवळ्या डब्यातलं किती वेळा दिलं?"

"पंद्रह दिन में एक बार, सर," गुलशन मध्येच म्हणाला. "आंटी एकदम टाइम पे देती हैं. भरोसे की हैं."

"मग कमी पडतंय. आपण आजपासून..."

रेणूने सासूकडे पाहिलं. टेकचंद दाराशी आला होता. बाहेर, शेतांवरून शिकाऊ विमान फेरी घेत होतं आणि त्याचा आवाज जाईपर्यंत कुणालाच बोलता आलं नसतं. आवाज गेला.

"थांबा डाक्टर साहेब," दुर्पताबाई म्हणाल्या. "कमी नाई पडलं. मी रोज देल्लं."

"रोज?"

"पुनवेपासून. पांढऱ्याच्या वर पिवळं. त्यानं फोन केला तं मी खोटं सांगतलं."

डॉक्टर लगेच म्हणाले, "बरं झालं बोललात. मी वाढवायला सांगणार होतो, त्यात तो गेला असता. आता दोन्ही डबे बंद. साधे रातकिडे, सकाळ-संध्याकाळ पानांवर पाण्याचा फवारा. दिवा चालू ठेवा. तीन दिवसांत सूज उतरली नाही तर नागपूरला आणा."

फोन बंद झाला. गुलशन शेवटपर्यंत काही बोलला नव्हता.

"थो आता खोली सोडन," टेकचंद म्हणाला.

"सोडू दे. हा जगला पाहिजे पहिले."

पुढचे दिवस त्यांना जड गेले. काही करायचं असतं तर त्यांनी रात्रंदिवस केलं असतं. इथे न करणं हेच काम होतं. पानांवर पाणी मारायचं, रातकिडे सोडायचे आणि उठून जायचं. त्या उठत नसत. जमुनाबाईंनी दारातून विचारलं, "मेला का वं तुहा सरडा?" तेव्हा दुर्पताबाई तिच्याकडे पाठ करून पिंजऱ्याला आणखी चिकटून बसल्या.

तिसऱ्या दिवशी सूज सैल पडली. आणखी काही दिवसांनी मिटलेला डोळा किलकिला झाला. मग एका सकाळी रेणू अंगण झाडत असताना आतून सासूची हाक आली. गिरगिट फांदीवर चढून बसला होता, तोंडाबाहेर रातकिड्याची एक टांग लोंबत होती आणि दुर्पताबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या.

गुलशन परत आला तो थेट पिंजऱ्यापाशी. त्याने गिरगिटाला बोटावर घेतलं, पकड पाहिली, गळा पाहिला. दुर्पताबाई चुलीपाशीच थांबल्या. तो म्हणाला, "आंटी, खाना है क्या?" त्यांनी ताट वाढलं. त्या विषयावर एवढंच बोलणं झालं. खोली त्याने सोडली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याचा दुसरा पेपर लागला. पुन्हा पिंजरा खाली आला, पुन्हा दोन डबे. दुर्पताबाईंनी पांढरा घेतला आणि पिवळा त्याच्याकडे सरकवला.

"हा रेणूपाशी दे."

"आंटी, मुझे आप पे भरोसा है."

"तुले असन. मले माहा नाई."

गुलशनला हसू आलं. दुर्पताबाईंना नाही. त्याने डबा उचलला आणि रेणूला हाक मारत आत गेला.